पांढऱ्या पेशी कुठे मोजल्या, ते आधी बघ

वाचकाचं पत्र

ताई, मी २९ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात एका शाळेत शिकवते. अल्सरेटिव्ह कोलायटिसपायी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजारापायी, माझं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचीच आत थैली केली, तिला जे-पाऊच म्हणतात. मळासाठी पोटावर लावलेली तात्पुरती पिशवी बंद करून दोन वर्षं झाली. दिवसातून सहा वेळा जावं लागायचं, त्याची सवय झाली होती. गेल्या पाच महिन्यांत मात्र चौदा-पंधरा वेळा जाते, रात्री तीनदा उठते, घाई लागली की थांबता येत नाही. पहिल्यांदा डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक गोळी दिली. तीन दिवसांत बरं वाटलं, पाचव्या दिवशी सोडली. दीड महिन्यात पुन्हा तेच. मग तीच गोळी मेडिकलमधून दोनदा आणून घेतली. आता दुर्बिणीतून तपासणी झाली. बायोप्सीत ‘मध्यम दाह, न्यूट्रोफिल पेशी वाढलेल्या, जुनाट दाहाच्या पेशीही आहेत’ असं आलंय. रक्तात डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ११,८००. घरातले एक नातेवाईक रिपोर्ट वाचून म्हणाले, पांढऱ्या पेशी वाढणं ही रक्ताच्या कॅन्सरची सुरुवात असते. सासूबाई काढा सुरू कर म्हणतात. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितलीय, पण भीतीपोटी अजून केली नाही. पांढऱ्या पेशी कमी व्हायला काय खाऊ? आणि आतडं काढूनही आजार यायचाच असेल, तर मी ते काढलं कशाला?

उत्तर

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. मी डॉक्टर नाही. माझ्याही पोटात असाच पाऊच आहे, सतरा वर्षं झाली त्याला. त्यातली पहिली तीन-चार वर्षं मी तुझ्यासारखीच रिपोर्ट उशाशी घेऊन झोपायचे.

त्या नातेवाइकांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्र लिहिलंस त्या रात्री तुला झोप लागली नसणार. रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० या मर्यादेत असतात, तुझ्या रिपोर्टवरही तसंच छापलेलं असेल. ११,८०० म्हणजे मर्यादेच्या जरा वर. सर्दी-खोकला झाला, दातात पू झाला, शरीरात कुठेही दाह असला तरी एवढी वाढ दिसते. मधल्या काळात कुणी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं होतं का, ते आठव. स्टेरॉइडने हा आकडा चढतो आणि त्याचा संसर्गाशी काही संबंध नसतो. रक्ताचा कॅन्सर या एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी पेशींचं रूप बघावं लागतं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट काय म्हणतात ते बघावं लागतं. मनातली शंका जात नसेल तर डॉक्टरांना सरळ विचार, ‘माझ्या रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून बघितलेल्या थेंबात, पेशी नेहमीसारख्या दिसतात ना?’ त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर मिळतं.

आता मुख्य गोष्ट. पांढऱ्या पेशी वाढल्या असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुठे वाढल्या? तुझ्या बाबतीत त्या तीन ठिकाणी मोजता येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. रक्तातल्या पेशी साऱ्या शरीराची वार्ता सांगतात. बायोप्सीतल्या पेशी पाऊचच्या अस्तराची. शौचातल्या पेशी, किंवा त्यांनी मागे सोडलेलं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन, आतड्यात आत्ता किती धुमसतंय ते सांगतं. घरच्यांनी बायोप्सीतला शब्द उचलला, रक्ताच्या रिपोर्टला जोडला आणि त्यातून कॅन्सर उभा केला. मायेपोटी केलं असेल, पण जोडणीच चुकली.

बायोप्सीतही दोन जातींच्या पेशी आहेत, त्या वेगवेगळ्या वाच. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या ‘जुनाट दाहाच्या’ पेशी. त्या जवळजवळ प्रत्येक पाऊचमध्ये सापडतात, अगदी ठणठणीत माणसाच्यासुद्धा. लहान आतड्याचं काम अन्न पचवून पुढे ढकलण्याचं, मळ साठवण्याचं नाही. सर्जननी त्याच आतड्याची घडी घालून, शिवून थैली केली आणि तिथे मळ थांबायला लागला. मग अस्तर स्वतःला बदलतं. बारीक बोटांसारखे उंचवटे बुटके होतात, मधल्या खाचा खोल जातात, जुनाट पेशी मुक्कामाला येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते आतडं हळूहळू मोठ्या आतड्यासारखं दिसू लागतं. नव्या कामाला शरीर सरावतंय, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या पहिल्या बायोप्सीत नेमके हेच शब्द होते. मला कसलीही तक्रार नव्हती, दिवसातून पाच-सहा वेळा जात होते, रात्रभर झोपत होते. तरी तेव्हा ज्यांच्याकडे जायचे त्यांनी तो कागद वाचून महिनाभर अँटिबायोटिक दिलं. तोंडाला धातूसारखी चव, मळमळ, जेवण जाईना. तोवर बरी असलेली मी औषधाने आजारी पडले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘तुम्हाला होतंय काय?’ मी म्हणाले, काहीच नाही. ‘मग हे कशासाठी घेताय?’ त्या दिवसापासून मी रिपोर्टच्या आधी माझा दिवस कसा गेला ते सांगते.

तुझं मात्र तसं नाही. तुझ्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल आहेत, आणि न्यूट्रोफिल म्हणजे ताज्या भांडणात धावून आलेल्या पेशी. शिवाय सहाचे पंधरा झालेत, रात्रीची झोप गेलीय, घाई आवरत नाही. लक्षणं आणि बायोप्सी एकच गोष्ट सांगताहेत. पाऊचला सूज आलीय, डॉक्टर त्याला पाऊचायटिस म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये यासाठी एक गुणपद्धत बसवली. तक्रारींना सहा, दुर्बिणीतून दिसलं त्याला सहा, बायोप्सीला सहा, असे अठरापैकी गुण. सात किंवा जास्त झाले तर पाऊचायटिस. यात बायोप्सीचा वाटा फक्त एक तृतीयांश आहे, हे ध्यानात ठेव. तू पत्रात बायोप्सीच्या ओळी शब्दशः उतरवल्यास, पण पाऊच आतून कसा दिसला ते लिहिलं नाहीस. तो दुर्बिणीचा कागद शोधून वाच. लाली, सहज रक्त येणं, व्रण यांतलं काय लिहिलंय? व्रण पाऊचभर आहेत की फक्त टाक्यांच्या रेषेवर? टाक्यांच्या रेषेवरच्या लहान व्रणांवरून पाऊचायटिस ठरवत नाहीत. गुदद्वाराशी मोठ्या आतड्याची जी चिंचोळी पट्टी शिल्लक ठेवतात, तिथे सूज आहे का? ती असेल तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं, खालून ठेवायच्या मेसालामिनच्या गोळ्यांचं. आणि पाऊचच्या वरचं लहान आतडं कसं आहे? तिथेही लांबवर व्रण असतील तर डॉक्टर क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजाराच्या दिशेनेही विचार करतात. आपल्या मुलखात क्षयाचाही करावा लागतो.

हे तुलाच का झालं, असं मनात येत असेल. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी हे ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी पाऊचायटिस होतो. बऱ्याच जणांना तो एकदा-दोनदा होऊन जातो, थोड्यांना चिकटून राहतो. मोठ्या आतड्यात शेकडो गाठी येण्याचा जो आनुवंशिक आजार असतो, त्यासाठीही हाच पाऊच करतात, पण त्या लोकांना ही सूज बरीच कमी येते. शस्त्रक्रिया तीच, थैली तीच. म्हणजे दोष टाक्यांचा नाही आणि तुझ्या खाण्याचाही नाही. तुझ्या शरीराच्या प्रतिकारशक्तीचा मूळचा चिडका स्वभाव आणि थैलीत साठणारे जंतू, यांचं एकमेकांशी पटत नाही. अँटिबायोटिकने बरं वाटतं ते त्यामुळेच.

आता त्या गोळ्यांकडे येऊ. इथे तुला रागावणार नाही, कारण हेच मी केलंय. बरं वाटलं की सोडायची, परत त्रास झाला की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची. असं मी वर्षभर केलं. मग एक दिवस जिना उतरताना टाचेच्या मागची शीर अशी धरली की दोन आठवडे लंगडत होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या औषधांनी स्नायूबंध दुखावू शकतात, क्वचित तुटतातही. तेव्हा ती गोळी चालू असताना टाच, खांदा, गुडघ्यामागची जागा दुखायला लागली तर थांबून डॉक्टरांना फोन करायचा. मेट्रोनिडॅझोल हे यासाठी देतात ते दुसरं अँटिबायोटिक फार दिवस घेतलं तर पायाच्या बोटांना मुंग्या येतात, तेही अंगावर काढायचं नाही.

पाऊचायटिसचा पहिला कोर्स साधारणपणे दोन आठवड्यांचा असतो. तुझा पाच दिवसांचा झाला. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं हे खरं, पण तोवर अस्तर पूर्ण निवलेलं नसतं. सिप्रो घेताना आणखी एक चूक घरोघरी होते. गोळी दुधाबरोबर, ताकाबरोबर किंवा लोहाच्या-कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली जाते, आणि मग ती नीट अंगाला लागत नाही. तुला रक्तवाढीची गोळी चालू असेल तर दोन्हींच्या वेळा लांब ठेव, कशा ते डॉक्टरांना विचारून घे.

पाच महिन्यांत तू ही गोळी तीन वेळा घेतलीस आणि त्यातल्या दोन वेळा डॉक्टरांना ठाऊकच नाहीत. पत्रात मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटली ते हेच, ११,८०० नव्हे. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या आधी हेच सांग. ते चिडले तर चिडू देत, पण तेवढ्या माहितीने त्यांचा सगळा विचार बदलू शकतो. एक तर, वारंवार अँटिबायोटिक घेतल्यावर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू डोकं वर काढतो. तो पाऊचमध्येही बसतो आणि त्याची लक्षणं हुबेहूब तुझ्यासारखीच असतात. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितलीय ती बहुधा याचसाठी. तिला घाबरण्यासारखं काही नाही गं. ती कॅन्सरची तपासणी नव्हे. छोट्या डबीत नमुना द्यायचा, बस. नवीन गोळी सुरू व्हायच्या आधी दे, नाहीतर उत्तर गढूळ येतं. आणि तो निकाल येईपर्यंत मनाने लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, घेऊ नकोस. एरवी पाऊचवाल्यांना ती गोळी फार उपयोगी पडते, पण आत जंतुसंसर्ग असताना दार बंद करून चालत नाही.

दुसरं कारण क्षयाचं. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसायला बघतो, आणि पाऊच त्याच भागाचा केलेला असतो. सिप्रोच्या घराण्यातली औषधं क्षयाच्या जंतूवर अर्धीमुर्धी चालतात, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं. तुला क्षय आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मेडिकलच्या काउंटरवर पाऊचायटिसचे उपचार करू नयेत, एवढंच सांगते.

तुझ्या बाजूची एक गोष्टही यात आहे. पहिल्या वेळी तीन दिवसांत फरक पडला, म्हणजे तुझा पाऊच औषधाला साथ देतो. हा चांगला धागा आहे. पूर्ण कोर्स घेऊनही सूज पुन्हापुन्हा आली तर पुढच्या पायऱ्या आहेत. काहींना कमी मात्रेत अँटिबायोटिक बराच काळ देतात, काहींना औषधं आलटून पालटून. ठरावीक जिवाणूंचं एक दाट मिश्रणही वापरतात. इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टरांनी २००० मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध केली होती, फक्त चाळीस रुग्णांची. नऊ महिन्यांत मिश्रण घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, औषध नसलेली नुसती पूड घेणाऱ्यांपैकी सगळ्यांना. चाचणी लहान होती हे खरं, पण त्यावरून आशा धरायला जागा आहे. मात्र मेडिकलमध्ये मिळणारी कुठलीही प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे ते मिश्रण नव्हे. अँटिबायोटिकला अजिबात दाद न देणाऱ्यांसाठी बुडेसोनाइड नावाचं स्टेरॉइड आहे, आणि वेडोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. ते मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, पांढऱ्या पेशींना रक्तातून आतड्यात शिरू देत नाही. २०२३ मध्ये १०२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. चौदा आठवड्यांनंतर वेडोलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांचा दाह शमला होता, न घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांचा. जादू नाही, पण रस्ता आहे. तू अजून त्या वळणावर आलेलीही नाहीस. पुढे वाट आहे हे ठाऊक असावं, म्हणून हे सगळं सांगितलं.

खाण्याचं. पांढऱ्या पेशी कमी करणारा कुठलाही पदार्थ नाही. पपईच्या पानांचा रस नाही, गव्हांकुर नाही, काही नाही. त्या पेशी कामावर आलेल्या आहेत, काम संपलं की आपणहून जातील. खाण्याचा उपयोग वेगळा. पंधरा वेळा जाताना शरीरातून पाणी आणि मीठ वाहून जातं, ते भरून काढायचं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. जलसंजीवनीचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे छोट्या चहाच्या चमच्याचं माप, आणि मिठाचा हात सैल सोडायचा नाही. शाळेत बाटलीत घेऊन जा, तासातासाला घोटघोट पी. लघवी गडद होतेय का, तेवढं बघत राहा.

या दिवसांत मला पोटात राहतं ते असं: मऊ भात, मुगाचं वरण, मेतकूट आणि थोडं तूप, तांदळाची पेज मीठ घालून, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, सोसत असेल तर पातळ ताक. चहा दोनदाच, तोही रिकाम्या पोटी नाही. ठेचा, मिसळीचा कट, कच्ची काकडी, मक्याचं कणीस, भाजलेले शेंगदाणे यांना सूज उतरेपर्यंत रजा. कायमची नव्हे हं. बऱ्या दिवसांत मी मटकीची उसळ खाते, शेंगदाण्याची चटणीही खाते, नीट चावून. आपल्याकडे पथ्य एकदा सुरू झालं की कुणी उठवतच नाही, आणि माणूस भात-वरणावर वाळत जातो. तुला भाज्याही हव्यात आणि फळंही. पोट शांत झालं की एकेक परत आण. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घे, पाऊचवाल्यांमध्ये ती कमी पडतात.

सासूबाईंच्या काढ्याबद्दल. त्यांना तोडून बोलू नकोस, त्या तुझ्यासाठी जागताहेत. एवढंच म्हण की तपासणीचा निकाल येईपर्यंत पोटात नवीन काहीही घालायचं नाही असं ठरलंय, कारण मग कशाने काय झालं ते कळत नाही. पुढे घ्यायचंच झालं तर नोंदणीकृत वैद्यांकडून, घटक लिहिलेलं, आणि तुझ्या डॉक्टरांना सांगून. चिठ्ठी नसलेली पुडी मात्र कुणाचीही नको. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय.

तू विचारलं नाहीस तरी एक गोष्ट विचारते. पाळीत पोट दुखतं तेव्हा काय घेतेस? मेफेनॅमिक ॲसिडवाली गोळी आपल्याकडे प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये असते. ती, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, या सगळ्या एकाच कुळातल्या वेदनाशामक गोळ्या पाऊचची सूज भडकवू शकतात. मला हे कळायला सहा वर्षं लागली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याऐवजी पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. पाळीच्या दिवसांत पाऊचवाल्या बऱ्याच जणींना फेऱ्या वाढल्यासारख्या वाटतात, तेव्हा वहीत संख्या लिहिताना पाळीच्या तारखेलाही खूण कर. नाहीतर दर महिन्याला आजार उलटला असं वाटून उगीच जीव घाबरा होतो.

वही ठेवच. फार काही लिहायचं नाही. दिवसा किती, रात्री किती, रक्त दिसलं का, ताप किती, काय गोळी घेतली. पाच आकडे, एक ओळ. डॉक्टरांसमोर ‘खूप त्रास होतो’ म्हटलं तर ते मान डोलावतात. ‘गेल्या चौदा दिवसांत रात्री एकूण एकोणचाळीस वेळा उठले’ म्हटलं की पेन उचलतात.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून वाट बघायच्या नसतात. थंडी वाजून ताप आला, माकडहाडाच्या आत किंवा गुदद्वारापाशी ठणका लागला, बसवेना, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही चढल्या, तर तो नुसता पाऊचायटिस नसून आत कुठे पू साठलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि शौच एकदम थांबली, तर आतड्याला पीळ किंवा अडथळा. तेव्हाही तसंच. खूप रक्त पडलं, चक्कर आली, दिवसभर लघवीच झाली नाही, तरी सकाळची वाट बघायची नाही. गावापासून सातारा किती लांब, रात्री गाडी कोण काढेल, हे आत्ताच नवऱ्याशी बोलून ठेव.

पंधरा वेळा जाऊन कातडी सोलवटली असेल, ते तू लाजून लिहिलं नसावंस. साबण नको. नुसत्या पाण्याने धू, मऊ सुती कापडाने टिपून घे, घासू नकोस, आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लाव. शाळेत एका तरी बाईंना विश्वासात घे. सगळा इतिहास सांगायची गरज नाही. ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, कधी मधेच जावं लागतं, पाच मिनिटं माझ्या वर्गावर लक्ष ठेवाल का?’ इतकं पुरतं. मी आमच्या ऑफिसात तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुटीत न जेवता बसायचे, म्हणजे दुपारी जावं लागू नये. सांगितल्यावर समोरची बाई म्हणाली, ‘अहो, मग कोपऱ्यातलं टेबल तुम्ही घ्या ना, बाथरूम जवळ आहे.’ तीन वर्षं मी कशाला घाबरत होते, तेच मला कळेना.

राहिला शेवटचा प्रश्न. आतडं काढलंस कशाला?

ऑपरेशनच्या आधीचे दिवस आठव. रक्त, स्टेरॉइडने सुजलेला चेहरा, महिन्याकाठी दवाखाना. ते आतडं तुझा जीव खात होतं. शिवाय वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची भीती वाढत जाते, ती आता बहुतांशी गेली. उरलेल्या पट्टीवर नजर ठेवायची म्हणून अधूनमधून दुर्बीण घालावी लागेल, तेवढं चुकवू नकोस. आत्ता जे झालंय तो जुना कोलायटिस परत आलेला नाही. ही नव्या थैलीची वेगळी तक्रार आहे, आणि बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात येते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये असा पाऊच पहिल्यांदा मांडला, १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी त्याला जे अक्षराचा आकार दिला. म्हणजे तुझ्यासारख्यांची ही वाट चाळीसहून जास्त वर्षं लोक चालताहेत. मोठ्या केंद्रांच्या अनुभवात दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊंच्या आसपास लोकांचा पाऊच टिकलेला असतो.

आणि नाहीच टिकला तर? तू लिहिलं नाहीस, पण पोटावरची पिशवी परत येईल ही भीती तुझ्या प्रत्येक ओळीमागे मला दिसते. तीही बोलून टाकू. माझी एक मैत्रीण, माझ्याच वॉर्डातली. तिचा पाऊच सात वर्षांनी काढावा लागला. कायमची पिशवी आली. पहिले सहा महिने रडण्यात गेले. आता ती पिशवी लावून मुलीला स्कूटरवरून क्लासला सोडते, लग्नात पंगतीला बसते, रात्रभर झोपते. मला कधी कधी तिच्या त्या झोपेचा हेवा वाटतो. पिशवी म्हणजे हार असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढ. पण त्या निर्णयाची वेळ तुझ्यावर आलेली नाही, आणि कधी येईल असं आजच्या रिपोर्टवरून मुळीच दिसत नाही.

सोमवारी सकाळी शौचाचा नमुना दे. डबी मेडिकलमध्ये मिळते. चिठ्ठीवर कॅलप्रोटेक्टिन आणि डिफिसिलचं टॉक्सिन दोन्ही लिहिलंय का, ते बघून घे, नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचार. दुर्बिणीचा कागद सापडला की त्यातल्या पाऊचबद्दलच्या तीन-चार ओळी मला लिहून पाठव, आणि या आठवड्यात रात्री किती वेळा उठलीस तेही.